साखर, गोळ्या आणि शेठ वालचंद

मुंबईच्या गोदीत लागू होणारा आयातीचा नियम यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याच्या बाजारपेठेपर्यंत कसा पोहोचतो, हे छोट्या दुकानदाराला सहसा कोणी समजावून सांगत नाही. कालपर्यंत मिळणारा माल आज येईनासा झाला किंवा कधी न पाहिलेला माल एकाएकी दाखल झाला, एवढेच त्याला दिसते. हे नाते फार लवकर ओळखणाऱ्या महाराष्ट्रातील उद्योजकांमध्ये शेठ वालचंद हिराचंद यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. जहाजे, विमाने आणि मोटारींमुळे ते सर्वांना ठाऊक आहेत. साखर आणि गोळ्यांच्या व्यवसायातील त्यांची कामगिरी मात्र काहीशी उपेक्षित राहिली.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरातील एका जैन व्यापारी कुटुंबात झाला. घरचा कापूस व सावकारीचा व्यवसाय सोडून ते रेल्वेच्या बांधकामांच्या ठेकेदारीत उतरले. लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांचा जम बसला. १९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी आदींच्या साथीने त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभारली. परंतु मालवाहतुकीचे दर पाडून ब्रिटिश कंपन्यांनी तिची कोंडी केली. सरकारी धोरणाचे पाठबळ नसेल तर देशी उद्योग टिकणे दुष्कर आहे, हा धडा त्यांना येथे मिळाला.

साखरेच्या बाबतीत ते पाठबळ १९३२ मध्ये मिळाले. तोवर भारतीय बाजारपेठेत जावा बेटावरील साखरेचे वर्चस्व होते. त्या वर्षीच्या संरक्षण कायद्याने परदेशी साखरेवर जबर जकात बसली आणि देशातील सुमारे ३० कारखान्यांची संख्या अवघ्या काही वर्षांत सव्वाशेच्या पुढे गेली. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात रावळगाव येथे वालचंद यांनी माळरानावर ऊसशेती आरंभिली होती. तेथे १९३३ मध्ये साखर कारखाना उभा राहिला. पाठोपाठ इंदापूर तालुक्यात कळंबच्या परिसरात वालचंदनगर वसले. अर्थात, या संरक्षणाची किंमत ग्राहकालाही मोजावी लागली. जकातीमुळे जावाची स्वस्त साखर त्याच्या आवाक्याबाहेर गेली.

दुसऱ्या महायुद्धात नियमांनी आणखी एक वळण घेतले. १९४० मध्ये सरकारने आयातीसाठी परवाना सक्तीचा केला आणि अनेक उपभोग्य वस्तूंची आवक रोडावली. १९४२ मध्ये रावळगावात गोळ्या व टॉफींचे उत्पादन सुरू झाले. साखर घरचीच असल्याने कच्च्या मालाची चिंता नव्हती. पुढे 'पान पसंद' आणि 'मँगो मूड' यांसारख्या गोळ्या गावोगावच्या दुकानांत पोहोचल्या. सुट्या पैशांत विकल्या जाणाऱ्या या मालाने किराणा दुकानदाराच्या गल्ल्यात भर घातली.

१९४९ मध्ये पक्षाघाताने वालचंद यांना ग्रासले. ८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. युद्धकाळात आलेली परवानापद्धती उपभोग्य वस्तूंच्या बाबतीत त्यांच्या पश्चातही सुमारे अर्धशतक टिकली. जागतिक व्यापार संघटनेतील वादानंतर १ एप्रिल २००१ पासून उरलेल्या ७१५ वस्तूंवरील संख्यात्मक निर्बंध भारताने उठवले. परदेशी खाद्यपदार्थांना दार खुले झाले. शहरातील खास दुकानांना नवा माल मिळाला. देशी उत्पादकांपुढे मात्र नवे स्पर्धक उभे ठाकले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये रावळगाव कंपनीने आपल्या गोळ्यांची बोधचिन्हे व नाममुद्रा रिलायन्स समूहाला २७ कोटी रुपयांत विकल्या. केवळ आयातीमुळे हे घडले, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. देशांतर्गत बड्या कंपन्यांची स्पर्धाही तितकीच तीव्र होती. तरीही संरक्षणाच्या छायेत वाढलेला उद्योग ती छाया सरल्यावर कसा टिकवावा, हा प्रश्न वालचंद यांच्या चरित्राने मागे ठेवला आहे. जकातीचे दर ठरवणाऱ्या दिल्लीइतकाच तो पांढरकवड्यातील दुकानदाराच्याही जिव्हाळ्याचा आहे.