विजय सॅम्युएल हजारे : हरणाऱ्या बाजूचा फलंदाज

आमच्या जुनी इंदूरमध्ये क्रिकेटची गोष्ट निघाली की ती कर्नल सी. के. नायडूंपासून सुरू होते, मुश्ताक अली व चंदू सरवटे यांच्यावर रेंगाळते आणि होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला या अभिमानाच्या वाक्याशी येऊन थांबते. एका सामन्याविषयी मात्र आमचे वडीलधारे फारसे बोलत नसत. तो म्हणजे मार्च १९४७ मध्ये बडोद्यास झालेला अंतिम सामना. त्यात होळकर संघ एक डाव व ४०९ धावांनी हरला. ज्या दोघांनी ही दशा केली त्यांतील एक जण आपल्याच मराठी ख्रिस्ती समाजातला होता, हे आम्हास पुष्कळ उशिरा कळले. रविवारच्या शाळेत आम्ही ही गोष्ट सांगितली तेव्हा मुलांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. आपला म्हणून आनंद मानावा की इंदूर हरले म्हणून वाईट वाटून घ्यावे, हे त्यांना कळेना. खरे सांगायचे तर आम्हालाही पटकन उत्तर सुचले नाही.

विजय सॅम्युएल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे झाला. वडील शाळामास्तर, घरात आठ भावंडे. अशा घरात पैशाची चणचण असते आणि शिस्त भरपूर असते, हे आमच्या वाचकांपैकी अनेकांना अनुभवाने ठाऊक आहे. मास्तरांच्या या मुलाला क्रिकेटने घराबाहेर काढले आणि आमच्या मुलखात आणले. इंदुराहून हाकेच्या अंतरावर असलेल्या देवासच्या महाराजांनी त्याला आश्रय दिला व तो मध्य हिंदुस्थानच्या संघाकडून खेळू लागला. याच काळात ऑस्ट्रेलियाचे नामांकित फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांच्याकडे शिकण्याचा योग आला. हजारेंची उभे राहण्याची तऱ्हा अगदी विचित्र होती. बॅट दोन्ही पॅडांच्या मधे अडकल्यासारखी दिसे. कोणत्याही शिक्षकाने ती पहिल्याच दिवशी मोडून काढली असती. ग्रिमेट यांनी ती तशीच राहू दिली आणि फक्त गोलंदाजीवर मेहनत घेतली. रविवारच्या शाळेतील शिक्षकांनी या ठिकाणी क्षणभर थांबावे असे आम्हास वाटते. मुलाचे काय बदलायचे आणि काय बदलायचे नाही हे ओळखणारा गुरू मिळणे ही थोडकी कृपा नव्हे.

१९३९-४० च्या मोसमात पुण्यास महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध खेळताना हजारेंनी नाबाद ३१६ धावा केल्या. भारतीय फलंदाजाचे हे पहिले त्रिशतक. यानंतर लवकरच ते बडोदे संस्थानात गेले व जन्मभर बडोद्याचेच झाले.

आता मुंबईच्या पंचरंगी सामन्यांविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण तेथे आपला संबंध येतो. हे सामने धर्मावार होत. हिंदू, मुसलमान, पारशी व युरोपियन असे चार संघ आधीपासून होते. १९३७ साली पाचवा संघ आला, त्याचे नाव ‘शेष’. देशी ख्रिस्ती, यहुदी, बौद्ध, कोणत्याच चौकटीत न बसणारे सगळे त्यात. नावातच आपली जागा सांगून टाकलेली! या उरलेल्यांच्या संघातून हजारे खेळत.

डिसेंबर १९४३ मध्ये ब्रेबोर्न मैदानावर शेष संघाची गाठ हिंदू संघाशी पडली. विजय मर्चंट यांनी नाबाद २५० धावा केल्या आणि हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला. शेष संघ १३३ धावांत आटोपला व पुन्हा फलंदाजीस आला. दुसऱ्या डावातही अर्धा संघ चटकन गारद झाला. तेव्हा विजय हजारेंच्या जोडीला त्यांचे धाकटे बंधू विवेक आले. दोघा भावांनी ३०० धावांची भागी केली आणि तीत विवेक यांच्या धावा फक्त २१ होत्या! तासन्तास एक भाऊ चेंडू अडवीत राहिला म्हणून दुसऱ्याला धावा करता आल्या. संघाच्या एकूण ३८७ धावांपैकी विजय हजारेंच्या ३०९. तरीही शेष संघ एक डाव व ६१ धावांनी हरला.

हा प्रसंग आम्ही सांगतो तेव्हा मुले ३०९ चा आकडा लक्षात ठेवतात. आम्हाला मात्र ते २१ अधिक आवडतात. आपल्या मंडळ्यांत असे विवेक पुष्कळ असतात, पण वार्षिक अहवालात त्यांचे नाव येत नाही.

हजारेंच्या या पराक्रमाने ख्रिस्ती माणसाची छाती फुगली असणार यात शंका नाही. आमचीही फुगते. परंतु याच सामन्यांना महात्मा गांधींनी १९४० साली उघड विरोध केला होता. धर्माच्या नावाने संघ पाडून खेळणे त्यांना अयोग्य वाटले. पुढे १९४६ मध्ये हे सामने कायमचे बंद झाले व ते योग्यच झाले असे आमचे मत आहे. आपला माणूस जिंकावा या इच्छेत काही पाप नाही, पण ती इच्छा कोठे जाऊन पोहोचते हे पुढच्याच वर्षी देशाने पाहिले.

म्हणूनच मार्च १९४७ च्या त्या बडोद्याच्या सामन्याकडे आम्ही वेगळ्या नजरेने पाहतो. पंजाबात तेव्हा दंगली पेटल्या होत्या. बडोद्यात ३ बाद ९१ अशा स्थितीत हजारेंना लाहोरचा एक ठेंगणा डावखुरा फलंदाज, गुल महंमद, येऊन मिळाला. एक ख्रिस्ती, एक मुसलमान, आणि संघ गायकवाडांचा. त्यांनी ५७७ धावांची भागी केली. गुल महंमद ३१९, हजारे २८८. समोर नायडूंचा होळकर संघ उन्हात चेंडूमागे धावत होता. कोणत्याही गड्यासाठी जगातील सर्वांत मोठी भागीदारी म्हणून ती ५९ वर्षे टिकली. २००६ साली श्रीलंकेच्या संगकारा व जयवर्धने यांनी ६२४ धावा करून ती मागे टाकली. गुल महंमद पुढे पाकिस्तानचे नागरिक झाले व १९५६ मध्ये त्या देशाकडून कसोटी खेळले.

त्यानंतरच्या जानेवारीत हजारे ॲडलेडला होते. ऑस्ट्रेलियाने ६७४ धावा केल्या, त्यांत ब्रॅडमन २०१. ब्रॅडमन यांचा त्रिफळा अखेर हजारेंनीच उडवला. भारताच्या पहिल्या डावात हजारेंनी ११६ धावा केल्या. फॉलोऑन मिळाल्यावर दुसऱ्या डावात रे लिंडवॉल यांनी ७ बळी घेतले व सहा भारतीय फलंदाज शून्यावर परतले, पण एका बाजूला हजारे उभे होते. १४५ धावा. एका कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. भारत एक डाव व १६ धावांनी हरला. तो दिवस २८ जानेवारी १९४८ चा. दोन दिवसांनी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली.

१९५१ मध्ये हजारेंकडे भारताचे नेतृत्व आले. येथे आम्ही स्तुती थोडी आवरती घेतो. स्वभावाने ते अबोल व भिडस्त, आणि कर्णधाराला कधी कधी धोका पत्करावा लागतो. दिल्लीच्या कसोटीत त्यांनी नाबाद १६४ धावा केल्या, पण इतक्या सावकाश की इंग्लंडला सामना वाचवता आला. स्वतःची बाजू राखण्यात जो जन्म घालवतो त्याला पुढे पाऊल टाकणे अवघड जाते. मंडळीच्या पंचांच्या सभेत हा दोष आम्ही पाहिला आहे, आणि आरशातही.

तथापि फळ त्यांच्याच हातून यायचे होते. १९३२ साली नायडूंच्या नेतृत्वाखाली भारताने पहिली कसोटी खेळली, त्यानंतर वीस वर्षांत एकही विजय मिळाला नव्हता. कानपूरला हरून संघ मद्रासला आला. ६ फेब्रुवारी १९५२ रोजी सामना सुरू झाला आणि त्याच दिवशी इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज वारल्याची बातमी आली. विनू मंकड यांनी दोन डावांत मिळून १२ बळी घेतले, पंकज रॉय व पॉली उम्रीगर यांनी शतके केली. भारत एक डाव व ८ धावांनी जिंकला. पंचविसाव्या कसोटीत पहिला विजय! सांगलीच्या मास्तरांचा मुलगा त्या संघाचा कर्णधार होता.

त्याच वर्षी उन्हाळ्यात लीड्सला दुसऱ्या डावात फ्रेड ट्रूमन यांच्या माऱ्यापुढे एकही धाव होण्याआधी भारताचे चार गडी बाद झाले. फलकावर शून्य आणि चार. हजारे आले, दत्तू फडकर यांच्या साथीने १०५ धावांची भर घातली व स्वतः ५६ केल्या. हाही सामना भारत हरला.

एकंदर ३० कसोटींत त्यांनी २१९२ धावा व ७ शतके केली. १९६० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यास, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, ते प्रभूकडे गेले. आतड्याच्या कर्करोगाने ते दीर्घकाळ आजारी होते.

देशातील राज्यांच्या संघांमध्ये होणारी एकदिवसीय स्पर्धा आता त्यांच्या नावाने ओळखली जाते. २०२१ च्या फेब्रुवारीत तिचे काही सामने आमच्या इंदुरात झाले. मैदान होळकरांच्या नावाचे, करंडक हजारेंचा. रविवारच्या शाळेतील एका मुलाने तेव्हा आम्हास विचारले की आता तरी इंदूरने त्यांना माफ केले का. आम्ही त्याला घेऊन मैदानाच्या फाटकापर्यंत जाऊन आलो.