पन्नास सेंटचं पुस्तक

वक्तृत्व स्पर्धेला नाव दिलं की आपली पहिली धावपळ कशासाठी असते? दणक्यात सुरुवात करून देणारा एखादा शेर, मध्ये पेरायला दोन-तीन किस्से आणि शेवटी टाळ्या घेणारं वाक्य. समोरच्याला आपला मुद्दा का पटावा, हा विचार जमलाच तर आदल्या रात्री. अशा सगळ्यांनी फ्रेडरिक डग्लस यांची गोष्ट वाचायलाच हवी. त्यांच्यासाठी नीट बोलता येणं हा जगण्या-मरण्याचा प्रश्न होता.

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात 1818 च्या सुमारास फ्रेडरिकचा जन्म झाला. नक्की तारीख त्याला कधीच कळली नाही. गुलामाच्या पोराची जन्मतारीख कोण लिहून ठेवणार? आई लांबच्या शेतावर राबायची. दिवसभराचं काम उरकून रात्री मैलोन् मैल चालत यायची, पोराला कुशीत घेऊन निजवायची आणि उजाडायच्या आत परत जायची. अशा भेटी बोटांवर मोजण्याइतक्याच झाल्या. तो सातेक वर्षांचा असताना ती गेली.

आठव्या वर्षाच्या आसपास त्याला बाल्टिमोर शहरात ऑल्ड कुटुंबाकडे पाठवलं. घरची मालकीण सोफिया स्वभावाने चांगली. तिने त्याला मुळाक्षरं शिकवायला घेतली. नवऱ्याला, ह्यू ऑल्डला हे कळल्यावर तो भडकला. गुलाम वाचायला शिकला तर हाताबाहेर जाईल, मग तो गुलाम म्हणून उपयोगाचा राहणार नाही, असं त्याने बायकोला बजावलं. शिकवणी बंद! पण पोरगा शेजारीच उभा राहून ऐकत होता. मालक ज्याला इतका घाबरतो, तिथेच आपली सुटका आहे, हे त्याला त्या दिवशी कळलं. समोरच्याचा युक्तिवाद नीट ऐकला तर त्यातच आपलं उत्तर सापडतं, हा त्याचा पहिला धडा. शिकवणारा होता खुद्द त्याचा मालक.

पुढे तो खिशात पाव घेऊन निघायचा. गल्लीतली गरीब गोरी पोरं भुकेली असायची. पाव त्यांना, बदल्यात अक्षरं याला. बारा-तेरा वर्षांचा असताना बूट पॉलिश करून साठवलेल्या पैशांतून पन्नास सेंटला त्याने एक पुस्तक विकत घेतलं, ‘द कोलंबियन ओरेटर’. केलेब बिंगहॅम या शिक्षकाने 1797 मध्ये शाळकरी मुलांसाठी काढलेलं हे भाषणांचं पुस्तक. सुरुवातीला आवाज, हावभाव, थांबे यांच्या सूचना आणि पुढे गाजलेली भाषणं, संवाद. शाळेतली मुलं त्यावरून पाठांतर करायची. शाळेची पायरीही न चढलेला फ्रेडरिक ते लपूनछपून वाचायचा.

त्यातला एक संवाद त्याने पुन्हा पुन्हा वाचला. पळून जाताना पकडलेला गुलाम आणि त्याचा मालक समोरासमोर आहेत. मालक म्हणतो, मी तुला नीट खायला-प्यायला दिलं, तरी तू असा कृतघ्न. गुलाम चिडत नाही, गयावयाही करत नाही. तो मालकाचंच म्हणणं उचलतो आणि विचारतो, गुराढोरांना तरी याहून वेगळं काय देता? एकेक मुद्दा असा खोडून निघतो आणि शेवटी मालक त्याला मोकळं करतो. खऱ्या आयुष्यात कोणी मालक असा वाद हरून गुलामाला सोडत नाही, हे फ्रेडरिकला पक्कं ठाऊक होतं. पण आपल्या मनात जे नुसतं धुमसतंय, ते असं पायरी-पायरीने मांडता येतं, हे त्याला दिसलं.

सप्टेंबर 1838 मध्ये खलाशाचे कपडे घालून, दुसऱ्याची कागदपत्रं खिशात ठेवून तो रेल्वेने निसटला. न्यू बेडफर्डमध्ये मिळेल ती मजुरी केली आणि डग्लस हे नवं आडनाव घेतलं. 1841 च्या ऑगस्टमध्ये नँटकेट बेटावरच्या गुलामीविरोधी सभेत, बहुतांश गोऱ्या श्रोत्यांपुढे ते उभे राहिले. पाय लटपटत होते. पण बोलले असे, की संघटनेने त्यांना वक्ता म्हणूनच कामाला घेतलं.

खरी गंमत पुढे आहे. सोबतचे गोरे कार्यकर्ते त्यांना सांगू लागले, तू फक्त तुझी कहाणी सांग, विश्लेषण आमच्यावर सोड. भाषाही जरा शेतावरच्या गुलामासारखी ठेव, नाहीतर लोकांना खरं वाटणार नाही. आणि झालंही तसंच. इतकं सफाईदार बोलणारा माणूस गुलाम असेलच कसा, अशी कुजबुज सुरू झाली. डग्लस यांनी भाषा बिघडवली नाही. 1845 मध्ये आत्मचरित्र छापलं, मालकांची नावं, गावं, सगळं देऊन. पुरावा मिळाला, पण मालकालाही त्यांचा पत्ता मिळाला. पकडलं जाण्याची भीती होती, म्हणून ते आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये जाऊन राहिले. तिथल्या मित्रांनी वर्गणी काढून 1846 मध्ये त्यांचं स्वातंत्र्य रीतसर विकत घेतलं. एका माणसाला स्वतःचं असण्यासाठीही पावती लागली!

त्यांचं सर्वांत गाजलेलं भाषण 5 जुलै 1852 चं, रोचेस्टर शहरातलं. निमित्त अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचं. स्पर्धेची तयारी करणाऱ्यांनी या भाषणाची बांधणी जरूर तपासावी. सुरुवातीला ते देशाच्या संस्थापकांचं मनापासून कौतुक करतात, पण त्यांना तुमचे पूर्वज म्हणतात. सण तुमचा, स्वातंत्र्य तुमचं. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांत जो फरक आहे, तो ते एका ‘तुमचं’मध्ये दाखवतात. श्रोते खूश असतानाच भाषण वळण घेतं आणि गुलामाला हा दिवस कसा दिसतो, ते सुरू होतं. गुलाम माणूस आहे हे सिद्ध करायलाही ते नकार देतात. त्याला वाचायला शिकवू नये म्हणून दक्षिणेत कायदे आहेत. जनावरांसाठी असे कायदे कोणी करतं का? म्हणजे तो माणूस आहे हे तुम्हीच मान्य केलंय. बाल्टिमोरच्या घरात ऐकलेलं ह्यू ऑल्डचं बोलणं इथे वेगळ्या रूपात परत आलं. शेवट मात्र शिव्याशापांचा नाही. राज्यघटनेचा खरा अर्थ स्वातंत्र्याच्याच बाजूचा आहे, असं सांगून ते आशेवर थांबतात.

1865 मध्ये अमेरिकेत गुलामी कायद्याने संपली. आपल्याकडे 1873 मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केला. डग्लस त्याच लढ्यातले बिनीचे शिलेदार. 20 फेब्रुवारी 1895 ला वॉशिंग्टनमध्ये महिलांच्या हक्कांसाठीच्या बैठकीहून घरी आल्यावर त्यांचं निधन झालं.

तेव्हा पुढचं भाषण लिहायला बसाल, तेव्हा शेर नंतर शोधा. आधी एका कागदावर समोरच्याचं म्हणणं त्याच्याच बाजूने, प्रामाणिकपणे लिहून काढा. आपला मुद्दा बहुतेक त्याच कागदावर सापडेल.