गोखल्यांचं हरलेलं विधेयक : मोफत शाळेची लढाई कोकणच्या माणसाने कशी सुरू केली?

आज देवरूखच्या जिल्हा परिषद शाळेत मुलाचं नाव पहिलीत घालायचं तर फी लागत नाही. तो कायद्याने मिळालेला हक्क आहे. पण हा हक्क कायद्यात आणायचं विधेयक शंभरहून जास्त वर्षांपूर्वी याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका माणसाने मांडलं होतं, आणि ते सपशेल आपटलं होतं.

तो माणूस म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. गांधीजींचे राजकीय गुरू, एवढीच त्यांची ओळख आपल्याला शाळेत मिळते. जन्म ९ मे १८६६, गुहागर तालुक्यातलं कोतळूक. ते १३ वर्षांचे असताना वडील गेले. थोरले भाऊ गोविंदराव शिक्षण सोडून १५ रुपये पगारावर नोकरीला लागले आणि त्यातले ८ रुपये दर महिन्याला गोपाळच्या शिक्षणासाठी पाठवू लागले.

१९०२ पासून गोखले व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात होते. त्यांची बजेटवरची भाषणं गाजायची. पण त्यामागचा अभ्यास त्यांच्या एकट्याचा नव्हता. सरकारी शाळेत मास्तर असलेले गणेश व्यंकटेश जोशी त्यांना आकडेवारी काढून द्यायचे. नोकरी सरकारी, त्यामुळे ते कायम पडद्यामागेच राहिले. हे नाव आज कुणाला आठवत नाही, ही खरं तर खटकणारी गोष्ट आहे.

मार्च १९१० मध्ये गोखल्यांनी ठराव मांडला. प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करायचं, आणि ते कसं हे सरकारी व बिनसरकारी सदस्यांच्या मिश्र समितीने ठरवायचं. सरकारने विचार करतो म्हटलं, त्यांनी ठराव मागे घेतला. काहीच घडेना, तेव्हा १९११ मध्ये ते थेट विधेयक घेऊन आले.

त्यांनी बडोद्याचा दाखला दिला. सयाजीरावांनी तिथे शिक्षण सक्तीचं केलं होतं आणि लोकसंख्येच्या ८.६ टक्के मुलं शाळेत होती. ब्रिटिश हिंदुस्थानात हा आकडा होता १.९ टक्के!

विधेयक अतिशय सावध होतं. जिथे आधीच साधारण ३३ टक्के मुलं शाळेत जातात, तिथेच सक्ती. वय ६ ते १०. खर्चाचे दोन भाग सरकारचे, एक स्थानिक संस्थेचा. महिन्याला १० रुपयांपेक्षा कमी कमावणाऱ्या पालकांना फी माफ. भावाच्या १५ रुपयांतून शिकलेल्या माणसाला १० रुपयांत घर कसं चालतं हे कुणी सांगायची गरज नव्हती. मुलींसाठी मात्र सक्ती नंतर, स्थानिक संस्थेला वाटलं तर. विधेयकाची ही बाजू लंगडीच होती.

वर्षभर ते देशभरात मतं मागवायला फिरलं. काँग्रेस बाजूने, मुस्लिम लीगही बाजूने. विरोधात सरकार आणि बडे जमीनदार. पैसा कुठून आणायचा, हा सरकारचा सवाल. गरिबांची पोरं शिकली तर शेतात राबणार कोण, ही जमीनदारांची भीती.

मार्च १९१२. बाजूने १३ मतं, विरोधात ३८.

१९ फेब्रुवारी १९१५ ला पुण्यात गोखले गेले, वय फक्त ४८. तीनच वर्षांनी, १९१८ मध्ये, विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई प्रांतातल्या नगरपालिकांपुरता सक्तीच्या शिक्षणाचा कायदा मंजूर करून घेतला. देशभरासाठीचा शिक्षण हक्क कायदा लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडला. त्यात वय आहे ६ ते १४, आणि मुलगा-मुलगी असा फरक नाही.