राखीव जागा आणि गावची शाळा : राजर्षी शाहूंचा शिक्षणविचार

छत्रपती शाहू महाराजांचा जन्म 26 जून 1874 रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. 1884 मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि 2 एप्रिल 1894 रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. त्या वेळी संस्थानचा मुलूख सलग नव्हता. आज बेळगाव जिल्ह्यात असलेले रायबागही कोल्हापूरच्या अंमलाखाली होते. त्यामुळे महाराजांचे निर्णय सीमाभागालाही परके नव्हते.

सत्ता हाती आली तेव्हा दरबारातील नोकऱ्या मूठभर शिक्षितांच्याच वाट्याला येत होत्या. महाराजांनी 1901 पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. 26 जुलै 1902 रोजी त्यांनी संस्थानच्या सेवेतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या. जागा राखल्या गेल्या. पण त्या भरण्याजोगी शिकलेली मुले आणायची कोठून? खेड्यात अक्षरओळखच नसेल, तर शहरातील वसतिगृहापर्यंत पोचणार कोण?

या प्रश्नाचे उत्तर त्यांना प्राथमिक शाळेत दिसले. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी 1906 मध्ये राज्यभर सक्तीचे शिक्षण लागू केले होते. ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र गोपाळ कृष्ण गोखले यांचे तशाच आशयाचे विधेयक 1912 मध्ये फेटाळले गेले. 1917 मध्ये महाराजांनी कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. गरिबाच्या घरी मूल म्हणजे गुरे राखणारा, धाकट्या भावंडाला सांभाळणारा हात. तो हात शाळेत गेला की घराचे नुकसान ठरलेले. म्हणून नुसती फी माफ करून भागणारे नव्हते. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंडाची तरतूद झाली. 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांबरोबर बसवण्याचा आदेश निघाला.

या खर्चाचा परतावा केवळ नोकऱ्यांत मोजता येणार नाही. सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे, हे वाचू शकणारा शेतकरी सहजासहजी फसत नाही. शिकलेली आई मुलाला वेळेवर औषध देते. गूळ बाजारात नेणाऱ्याला वजन आणि भाव यांचा हिशेब कळतो. महाराजांच्या सहवासात आलेले कुंभोजचे भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि शिक्षणाची ही वाट संस्थानाच्या हद्दीबाहेर गेली.

6 मे 1922 रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. वयाची 48 वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

बेळगावहून खानापूरमार्गे गोव्याकडे येताना मच्छे लागते. तेथे औद्योगिक वसाहत आहे आणि विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालयही. कारखान्यातील कामगार असो वा विद्यापीठातील अभियंता, दोघांचीही पहिली पाटी कुठल्या तरी गावच्या शाळेतलीच. गोव्यातही 1963 नंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने प्रथम खेडोपाडी प्राथमिक शाळा नेल्या. पटसंख्येअभावी गावची शाळा बंद करण्याचा विषय आज निघतो, तेव्हा केवळ पट मोजून भागत नाही. ती शाळा नसेल, तर वरच्या राखीव जागेपर्यंत कोण पोचणार, हा 1902 चा प्रश्न तेथे पुन्हा उभा राहतो.