दामोदर कोसंबी : गुणसूत्रावरचे अंतर मोजणारा गणिती

आचार्य धर्मानंद कोसंबी हे नाव बौद्ध घरांत नवे नाही. त्यांचा ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ मराठीत बुद्धचरित्र वाचणाऱ्या प्रत्येकाच्या हाती कधी ना कधी येतो. त्यांचे पुत्र दामोदर धर्मानंद कोसंबी यांना चळवळीतले वाचक ओळखतात ते प्राचीन भारताचे इतिहासकार म्हणून. पण शेतकी महाविद्यालयात पिकांच्या जाती सुधारण्याचे शास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला कोसंबी हे नाव वेगळ्याच ठिकाणी भेटते. जनुकांमधले अंतर मोजण्याच्या एका सूत्राला जगभर कोसंबींचे नाव आहे. हे सूत्र मांडणारा आणि कार्ले-भाज्यांच्या लेण्यांचा अभ्यास करणारा माणूस एकच, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते.

आज ते सांगण्याला कारण आहे. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी, कणकवली, कुठेही चार तरुण कार्यकर्ते जमले की कुणाच्या तरी मोबाईलवर डीएनएचा विषय निघतोच. अमक्या जातीचे रक्त परके आणि तमक्या जातीचे अस्सल, असे निकाल त्यावर फिरत असतात. अशा वेळी डीएनएवरच्या मोजमापात भर घालणारा आपल्या शेजारचा हा माणूस समजून घेतला पाहिजे. शेजारचा म्हणजे खरोखरच शेजारचा. तेरेखोलची खाडी ओलांडली की त्यांचा गोवा लागतो.

बापाचा शोध

झुआरी नदीकाठचे साखवाळ हे कोसंबींचे मूळ गाव. कुटुंब गौड सारस्वत ब्राह्मण, नारळाच्या बागायतीवर जगणारे. धर्मानंदांचा जन्म १८७६ चा. शाळेचे शिक्षण जेमतेम. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले आणि त्या वाचनाने आयुष्याची दिशा बदलली. १८९९ मध्ये पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक यांना मागे ठेवून ते घराबाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बोधगया असे करत ते सिलोनला पोहोचले. तिथे भिक्षुदीक्षा घेतली, पाली शिकले, पुढे ब्रह्मदेशातही राहिले. या सात वर्षांची किंमत बाळाबाईंनी घरी राहून मोजली, हेही विसरता येत नाही.

परतल्यावर धर्मानंदांना कलकत्ता विद्यापीठात महिना अडीचशे रुपयांची नोकरी मिळाली होती. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिना ५० रुपये देऊ केले, अट एवढीच की महाराष्ट्रात राहायचे आणि वर्षाला एक पुस्तक लिहायचे. धर्मानंदांनी ५० रुपये पत्करले, कारण त्यांना मराठी माणसांपर्यंत बुद्ध पोहोचवायचा होता. याच ओढीतून पुढे १९३७ मध्ये मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभारला.

दामोदर हे त्यांचे दुसरे अपत्य. जन्म ३१ जुलै १९०७, गोव्यात. हार्वर्ड विद्यापीठाने ‘विशुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी धर्मानंदांना बोलावले होते. १९१८ मध्ये ते पुन्हा अमेरिकेला निघाले तेव्हा माणिक आणि ११ वर्षांचा दामोदर यांना त्यांनी बरोबर नेले. मुलीलाही तितक्याच हौसेने शिकवले. माणिक तिथे पदवीधर झाल्या. दामोदरने शालेय शिक्षण अमेरिकेत पूर्ण केले आणि १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी सर्वोच्च श्रेणीत मिळवली. विषय गणित, पण ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन याही भाषा त्याने आत्मसात केल्या.

पुण्यातला प्राध्यापक

भारतात परतल्यावर बनारस आणि अलीगढ येथे अध्यापन करून १९३३ मध्ये दामोदर कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. धर्मानंदांनी याच महाविद्यालयात पूर्वी पाली शिकवली होती. कोसंबी इथे १२ वर्षे गणित शिकवत होते. १९३४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे रामानुजन पारितोषिक त्यांना मिळाले.

कागदावरच्या गणितावर ते थांबले नाहीत. प्राचीन आहत नाणी त्यांनी एकेक करून तराजूत तोलली. नाणे जितके हातोहात फिरते तितके झिजते आणि वजनाला हलके होते. हजारो नाण्यांच्या वजनांचा संख्याशास्त्रीय अभ्यास केला तर कोणते नाणे किती काळ चलनात होते याचा अंदाज बांधता येतो. राजांच्या वंशावळी आणि पुराणकथा यांच्यावर विसंबणाऱ्या इतिहासाला त्यांनी तराजूचा पुरावा दिला. याच संख्याशास्त्राच्या वाटेने ते जनुकशास्त्राकडे वळले.

सुंभाची गाठ

त्यांनी काय केले हे समजायला आधी डीएनए डोळ्यांसमोर आणू या. आपल्या किनाऱ्यावर काथ्याचे दोन पेड एकमेकांभोवती वळून सुंभ करतात. डीएनएचा रेणू असाच दोन पेडांचा असतो. प्रत्येक पेडाचा कणा साखर आणि फॉस्फेट यांच्या एकाआड एक जोडणीने बनतो. ही साखर म्हणजे डीऑक्सिरायबोज. कण्यापासून आतल्या बाजूला चार प्रकारचे रासायनिक घटक जोडलेले असतात : अॅडेनीन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन. अॅडेनीनसमोर थायमिनच येतो, ग्वानिनसमोर सायटोसिनच. पहिल्या जोडीत दोन हायड्रोजन बंध असतात, दुसरीत तीन. म्हणून एक पेड वाचला की दुसरा काय असणार ते कळते आणि पेशी विभागताना हुबेहूब नक्कल होऊ शकते. आरएनए हा याचा भाऊबंद. तो बहुधा एकाच पेडाचा असतो. त्याच्या साखरेत ऑक्सिजनचा एक अणू जास्त असतो आणि थायमिनच्या जागी युरॅसिल येतो. डीएनएतला मजकूर पेशीच्या कारखान्यापर्यंत तोच पोहोचवतो.

माणसाच्या डीएनएत अशा सुमारे ३०० कोटी जोड्या असतात आणि त्या २३ गुणसूत्रांत वाटलेल्या असतात. प्रत्येक गुणसूत्राची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. बीजपेशी तयार होताना या दोन प्रती शेजारी येतात, नेमक्या त्याच जागी तुटतात आणि एकीचा तुकडा दुसरीला जोडला जातो. सख्खी भावंडे एकसारखी नसण्याचे ही अदलाबदल हेही एक कारण आहे.

आता सुंभावर दोन गाठी आहेत असे समजा. गाठी जवळजवळ असतील तर सुंभ त्यांच्या मधोमध तुटण्याची शक्यता कमी. लांब असतील तर जास्त. म्हणजे दोन जनुके शंभरातल्या किती वेळा विलग होतात हे मोजले की त्यांच्यातले अंतर कळायला हवे. अडचण अशी की दोन गाठींच्या मधे सुंभ दोनदा तुटून जोडला गेला तर गाठी पुन्हा एकाच सुंभावर येतात. अदलाबदल झालेली असते, पण मोजणाऱ्याला दिसत नाही. जनुके कितीही दूर असली तरी विलग होण्याचे प्रमाण शेकडा ५० च्या पुढे जात नाही. दिसणाऱ्या प्रमाणावरून खरे अंतर काढायला म्हणून गणित लागते.

ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९१९ मध्ये एक सूत्र दिले होते. त्यात गृहीत असे होते की एका जागची तोड दुसऱ्या जागच्या तोडीवर काही परिणाम करत नाही. प्रत्यक्षात एका ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या लगतच्या भागात दुसरी होण्याला आडकाठी येते. कोसंबींनी १९४४ च्या आपल्या चार पानी निबंधात ही आडकाठी हिशेबात घेतली. जवळच्या अंतरावर ती जवळजवळ पूर्ण असते आणि अंतर वाढत जाते तशी ओसरते, असे धरून त्यांनी नवे सूत्र बांधले. फरक आकड्यांत पाहा. दोन जनुके शंभरात २० वेळा विलग होत असतील तर हाल्डेन यांच्या सूत्राने अंतर २५.५ सेंटीमॉर्गन येते, कोसंबींच्या सूत्राने २१.२. शंभरात ३० वेळा असेल तर अनुक्रमे ४५.८ आणि ३४.७. अनेक सजीवांच्या बाबतीत कोसंबींचे उत्तर वस्तुस्थितीला अधिक जवळचे ठरले. भात, गहू, मका यांचे जनुकीय नकाशे काढताना हे सूत्र आजही संगणकात वापरले जाते.

१९४४ मध्ये आनुवंशिकता डीएनएमध्ये असते हे सर्वमान्य झालेले नव्हते. बहुतेक शास्त्रज्ञ ती प्रथिनांत शोधत होते. न्यूयॉर्कमध्ये एव्हरी, मॅक्लाउड आणि मॅकार्टी यांनी डीएनएच्या बाजूचा भक्कम पुरावा दिला तो याच वर्षी. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण छायाचित्रांचा आधार घेऊन वॉटसन आणि क्रिक यांनी दोन पेडांची रचना मांडली ती १९५३ मध्ये. म्हणजे सुंभ कशाचा आहे हे जगाला नीट कळण्याआधीच कोसंबींनी त्यावरच्या गाठींचे अंतर मोजण्याचे सूत्र दिले होते. आणखी एक योगायोग असा की ज्या नियतकालिकात हा निबंध छापून आला त्याच्या नावातच युजेनिक्स, म्हणजे उत्तम वंश घडवण्याचे तथाकथित शास्त्र, होते. तेच नाव १९५४ मध्ये बदलून मानवी जनुकशास्त्र असे करण्यात आले.

मुंबई, लेणी आणि शेवटची वर्षे

१९४५ मध्ये होमी भाभांनी कोसंबींना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले. राहायला पुण्यात आणि नोकरी मुंबईत, अशी वर्षानुवर्षे त्यांनी डेक्कन क्वीनने ये-जा केली. सुट्टीच्या दिवशी हातात काठी घेऊन ते पुण्याच्या आसपासचे डोंगर, पाषाणयुगाची हत्यारे सापडणारी माळराने आणि गावोगावची दैवते पाहत हिंडत. कार्ले, भाजे, जुन्नर येथील बौद्ध लेणी व्यापारी मार्गांच्या आणि घाटांच्या तोंडाशी का आहेत, हा प्रश्न त्यांनी धसास लावला. विहार हे ध्यानाचे ठिकाण होते तसेच व्यापारी तांड्यांचे आश्रयस्थान आणि अर्थव्यवहाराचे केंद्रही होते, हे त्यांनी दाखवले. बौद्ध धम्माच्या ऱ्हासाची कारणेही त्यांनी संघाच्या बदललेल्या आर्थिक पायात शोधली. १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचा त्यांचा ग्रंथ आला, १९६२ मध्ये ‘मिथ अँड रिअॅलिटी’.

कोसंबी स्वतः मार्क्सवादी होते. वडिलांविषयी आदर असला तरी ते कोणत्याही धर्माचे अनुयायी म्हणून जगले नाहीत. त्यांच्या हातून चुकाही झाल्या. १९५९ मध्ये गणितातला रीमान यांचा प्रसिद्ध प्रश्न सोडवल्याचा त्यांनी दावा केला, तो टिकला नाही आणि गणितज्ञांत त्यांची पत घसरली. जागतिक शांतता चळवळीत ते अग्रभागी होते आणि अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जा या देशाला परवडेल असे जाहीरपणे मांडत होते. भाभांच्या संस्थेत ही भूमिका रुचणारी नव्हती. १९६२ मध्ये त्यांच्या नोकरीचा करार पुढे वाढवला गेला नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले. वय ५८.

आपल्यासाठी काय?

जनुकीय अंतराचे हे एकक पुढे जातीच्या इतिहासापर्यंत पोहोचले. दोन वेगळ्या समूहांची माणसे एकत्र आली की संततीच्या गुणसूत्रांवर दोन्हीकडचे लांब तुकडे असतात. दर पिढीतल्या अदलाबदलीने ते आखूड होत जातात. आज ते किती सेंटीमॉर्गन उरले आहेत हे पाहिले की मिश्रण किती पिढ्यांपूर्वी झाले ते काढता येते. २०१३ मध्ये हार्वर्ड आणि हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी याच तत्त्वाने भारतीय समूहांचा अभ्यास केला. निष्कर्ष असा निघाला की साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी या देशात समूहांचे मोठ्या प्रमाणावर मिश्रण झाले. त्यातून वरच्या म्हणवणाऱ्या जाती सुटल्या नाहीत, खालच्या म्हटल्या गेलेल्याही नाहीत आणि दूरचे आदिवासी समूहही नाहीत. त्यानंतर मिश्रण थांबत गेले, कारण लग्ने जातीतल्या जातीत होऊ लागली.

बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे हे सांगितले होते. त्यांच्या हाती तेव्हा डीएनए नव्हता. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये त्यांनी त्या काळी उपलब्ध असलेली नाकाच्या मोजमापांची आकडेवारी तपासून अस्पृश्यतेचा वंशसिद्धान्त खोडून काढला. जात हा वंशभेद नाही, ती माणसांनी घातलेली बंदी आहे, हा त्यांचा निष्कर्ष आजचे जनुकशास्त्रही पुसत नाही.

म्हणून मोबाईलवरच्या रक्तशुद्धीच्या गप्पांना आपण बळी पडता कामा नये, मग त्या कोणत्याही बाजूने आलेल्या असोत. २००१ मध्ये मायकेल बामशाद यांच्या गटाने विशाखापट्टणम परिसरातील जातींचा अभ्यास केला. त्याच्या आधारे काही जाती सरळ परक्या ठरवणारी भाषणे आपण ऐकतो. त्या अभ्यासात दिसलेले फरक कमी-अधिक प्रमाणाचे आहेत. एक जात इथली आणि दुसरी बाहेरची, अशी रेघ त्यातून निघत नाही. ब्राह्मण्याला विरोध करण्यासाठी ब्राह्मणाच्या रक्तात खोट काढावी लागत नाही. रक्ताने माणसाची किंमत ठरते हे मान्य केले की आपण बाबासाहेबांना सोडून मनूच्या बाजूला जाऊन उभे राहतो.

कोसंबी पितापुत्रांकडून घ्यायचे ते हेच. एकाने गोव्यातून सिलोनपर्यंत जाऊन बुद्धवचन मूळ पालीतून तपासले. दुसऱ्याने नाणे तोलून, लेणी चढून आणि गुणसूत्राचे अंतर मोजून पाहिले. ऐकीव आहे, परंपरेने आलेले आहे किंवा आपल्याला सोयीचे आहे एवढ्यावरून काही मानू नये, ही कालाम सुत्ताची शिकवण दोघांनीही आपापल्या परीने पाळली. सिंधुदुर्गातल्या विहारांत दर रविवारी जमणाऱ्या मुलामुलींना विज्ञानाच्या पुस्तकांसोबत या दोघांची पुस्तकेही हाती द्यावीत. आणि पुढच्या वेळी कुणी डीएनएचा संदेश पाठवला तर तो पुढे ढकलण्याआधी एकच विचारावे : हे कुणी मोजले, आणि कसे?