मिठाच्या पाण्याचे कोडे सोडविणारे स्वांते अऱ्हेनियस

कॉलेजात रसायनशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलांना एकाच क्रियेची दोन समीकरणे लिहावी लागतात. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात मिठाचे पाणी ओतले की दह्यासारखा पांढरा साका बनतो. त्याचे लांब समीकरण असे:

सिल्व्हर नायट्रेट + सोडियम क्लोराइड → सिल्व्हर क्लोराइड + सोडियम नायट्रेट

आणि आखूड समीकरण असे:

सिल्व्हरचा धन आयन + क्लोराइडचा ऋण आयन → सिल्व्हर क्लोराइड

मग सोडियम आणि नायट्रेट गेले कुठे, असे मुले विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर ज्याने दिले, त्या तरुणाला त्याच्या विद्यापीठाने जवळजवळ नापासच केले होते.

स्वांते अऱ्हेनियस यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९ रोजी स्वीडनमधील उप्साला शहराजवळ विक येथे झाला. वडील जमीनमोजणीचे काम करीत व विद्यापीठाच्या मालमत्तेची देखरेख पाहत. तिसऱ्या वर्षी मुलगा कोणी न शिकविता वाचू लागला, आणि वडिलांच्या हिशेबाच्या वह्या पाहता पाहता आकडेमोडीत तरबेज झाला. १८७६ साली शालेय शिक्षण संपवून तो उप्साला विद्यापीठात दाखल झाला. तिथल्या भौतिकशास्त्राच्या व रसायनशास्त्राच्या शिकवणीने मात्र त्याचे समाधान झाले नाही. म्हणून १८८१ साली तो स्टॉकहोमला एडलुंड या भौतिकशास्त्रज्ञांकडे गेला आणि द्रावणांतून विजेचा प्रवाह कसा वाहतो, हे मोजू लागला.

कोडे जुनेच होते. साखरेच्या पाण्यातून वीज जात नाही, मिठाच्या पाण्यातून जाते. वीज वाहून नेणाऱ्या कणांना आयन हे नाव १८३४ पासून रूढ होते. पण वीज सोडल्यावरच हे कण निर्माण होतात, अशी सर्वसाधारण समजूत होती. अऱ्हेनियस यांच्या मनात वेगळेच आले. वीज सोडा वा न सोडा, मीठ विरघळले की त्याचे भाग आधीच सुटे झालेले असले पाहिजेत. ही कल्पना घेऊन ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक क्लेव्हे यांच्याकडे गेले, तेव्हा प्राध्यापकांनी चर्चाही न करता त्यांना वाटेला लावले, असे पुढे ते सांगत असत.

१८८४ साली त्यांनी सुमारे दीडशे पानांचा प्रबंध उप्सालाला सादर केला. त्याला चौथी श्रेणी मिळाली. विद्वानांपुढे समर्थन केल्यावर ती एक पायरी वर सरकून तिसरी झाली. एवढ्यावर विद्यापीठात शिकविण्याची जागा मिळण्याची आशा नव्हती. परीक्षकांना सारा दोष देणे मला बरोबर वाटत नाही. सोडियम धातू पाण्यात टाकला तर पेट घेतो, क्लोरीन हा विषारी वायू. हे दोघे आमटीत सुटे फिरतात असे कोणी म्हटले, तर शहाण्या माणसाने हसावे की नाही? विद्युतभार असलेला कण आणि भार नसलेला कण यांचे स्वभाव सर्वस्वी निराळे असतात, हे त्या वेळी गळी उतरणे कठीण होते.

अऱ्हेनियस यांनी रडत न बसता प्रबंधाच्या प्रती परदेशी पाठविल्या. रीगा येथे एक प्रत ओस्टवाल्ड यांच्या हाती पडली. त्याच दिवशी त्यांना कन्यारत्न झाले होते आणि त्यांची दाढही ठणकत होती. तरी त्रास दिला तो प्रबंधानेच. त्याच उन्हाळ्यात ओस्टवाल्ड स्वतः उप्सालाला येऊन धडकले आणि या तरुणाला आपल्याकडे चलण्याचा आग्रह करू लागले. वडील आजारी असल्यामुळे अऱ्हेनियस गेले नाहीत, पण बाहेरच्या विद्वानाने कदर केल्यावर घरच्यांचे डोळे उघडले आणि उप्सालात त्यांना अध्यापनाची जागा मिळाली. १८८५ साली वडील वारले. १८८६ पासून प्रवासवृत्तीवर ते रीगा, वुर्झबुर्ग, ग्रात्स, ॲम्स्टरडॅम असे फिरले आणि १८८७ साली त्यांनी विचरणाचा सिद्धांत संपूर्ण मांडला.

पुरावे साधे पण बिनतोड होते. पाण्यात साखर विरघळविली की ते शून्य अंशाखाली गोठते. तेवढ्याच रेणूंच्या हिशेबाने मीठ घातले तर गोठणबिंदू जवळजवळ दुप्पट खाली जातो. अर्थात मिठाच्या एका घटकाचे दोन कण झाले आहेत! दुसरा पुरावा उदासिनीकरणाचा. हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या वा नायट्रिक, कॉस्टिक सोडा घ्या वा कॉस्टिक पोटॅश. उष्णता दर मोलला सुमारे ५७ किलोज्यूल एवढीच निघते. कारण प्रत्येक वेळी खरी क्रिया एकच असते:

हायड्रोजनचा धन आयन + हायड्रॉक्साइडचा ऋण आयन → पाणी

बाकीचे आयन लग्नाच्या मांडवातल्या पाहुण्यांसारखे नुसते हजर असतात. सिल्व्हरच्या प्रयोगात सोडियम आणि नायट्रेट तसेच होते. ते कुठे गेले नाहीत, पाण्यातच राहिले, म्हणून आखूड समीकरणात त्यांना जागा नाही. सिरक्यातील आम्ल मात्र फारच थोडे सुटते, म्हणून ते समीकरणात अखंड लिहावे. आणि दोन्ही बाजूंचे अणू जुळले तरी भारांची बेरीज जुळविल्याशिवाय वही मिटू नये.

ऊसवाल्या बेटावरच्या आपल्यासारख्यांना जवळची गोष्ट पुढची आहे. १८८९ साली अऱ्हेनियस यांनी तापमान वाढले की क्रियेचा वेग का व किती वाढतो, याचे सूत्र मांडले. ते मांडताना त्यांनी घेतलेले उदाहरण उसाच्या साखरेचेच होते: आम्लाच्या पाण्यात ती फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात. मिलमध्ये रसाला चुना देतात, त्याचे एक कारण हेच. चुना आम्ल मारतो, साखर फुटायची थांबते, आणि रसातील फॉस्फेटशी मिळून साका बनतो, त्याबरोबर मळही खाली बसतो.

१८९६ साली त्यांनी हवेतील कार्बन डायॉक्साइड वाढल्यास पृथ्वी किती तापेल याचे गणित केले. थंड देशाच्या या माणसाला ती ऊब हवीशी वाटली. समुद्राकाठी राहणाऱ्यांना तसे वाटणार नाही.

१९०३ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तो मान मिळविणारे ते पहिले स्वीडिश. त्या वेळी नोबेलच्या रसायन समितीचे अध्यक्ष होते क्लेव्हे! पण ज्याने स्वतः अवहेलना सोसली, त्याने दुसऱ्याची करू नये, असे नेहमी घडत नाही. १९०६ साली मेंडेलीव यांना पारितोषिक मिळू नये म्हणून अऱ्हेनियस यांनी वजन खर्च केले, असे इतिहासकार सांगतात. मेंडेलीव पुढच्याच वर्षी वारले.

सिद्धांतातही पुढे दुरुस्त्या झाल्या. मिठाच्या कोरड्या खड्यातही आयनच असतात, पाणी त्यांना फक्त सोडविते, हे क्ष-किरणांनी दाखविले. द्रावणांत आयन एकमेकांना ओढतात, त्याचा हिशेब १९२३ साली डिबाय आणि ह्यूकेल यांनी बसविला. ते पाहायला अऱ्हेनियस हयात होते. २ ऑक्टोबर १९२७ रोजी स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले आणि उप्साला येथे त्यांचे दफन करण्यात आले.