आजचे मनन: प्रश्न विचारणाऱ्या पंडिता रमाबाई

शास्त्रपाठ: योहान 4:1–30



गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर इथे ढोकीत एक मुलगी माझ्याजवळ थांबली. तिचे वडील मागच्या वर्षी वारले. त्यांच्या आजारपणात घरच्यांनी उपास केले, मंडळीने रात्र-रात्र प्रार्थना केली. तिने मला सरळ विचारलं की एवढं करूनही देवाने का ऐकलं नाही. मी तिला म्हणालो की असले प्रश्न मनात आणू नयेत, त्याने विश्वास कमी होतो. तिने मान हलवली आणि निघून गेली. त्या रात्री मला काही झोप लागली नाही. उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून मी तिला गप्प केलं होतं.

आमच्या ढोकीवरून लातूर–मुंबई गाडी जाते. दौंड सुटलं की पुण्याच्या आधी केडगाव लागतं. त्या वाटेने मी किती वेळा गेलो असेन, पण रात्रीची गाडी, तेव्हा डोळा लागलेला असतो. केडगाव म्हणजे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. रमाबाईंच्या दानधर्माबद्दल आपण खूप ऐकतो, पण त्यांच्या प्रश्नांबद्दल फार कमी. या आठवड्यात मी त्यांचं चरित्र पुन्हा काढून वाचलं, आणि पहिल्याच पानांत मला ती मुलगी भेटली.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं म्हणून लोकांची बोलणी खाल्लेला माणूस. हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरायचं, पुराणं सांगायचं. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. होतं नव्हतं ते दानधर्मात, व्रतात, पूजेत घातलं. शास्त्रात जे जे सांगितलं ते केलं. शेवटी रानातला पाला खायची वेळ आली. थोड्याच काळात वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास, दोघंच उरले. दोघं चालत राहिले, रमाबाईंच्याच हिशेबाने 4,000 मैलांहून जास्त. चालता चालता मनातली जुनी श्रद्धा गळून पडली. सगळं नीट करूनही असं का, हा प्रश्न त्यांच्या पोटात उपाशीपणी शिरला होता.

1878 मध्ये भावंडं कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी रमाबाईंची विद्वत्ता पाहून त्यांना पंडिता आणि सरस्वती ही बिरुदं दिली. तिथेच एका ख्रिस्ती सभेला त्या गेल्या. लोक खुर्च्यांपुढे गुडघे टेकून डोळे मिटून बसलेले. यांचा देव खुर्चीच आहे की काय, असं त्यांना वाटलं! कोणीतरी संस्कृत बायबल हातात दिलं, पण त्याची भाषा एवढ्या मोठ्या पंडितेलाही नीट उमगेना. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली, आणि 1882 मध्ये पतीही कॉलऱ्याने गेले. पती हयात असताना सिल्चरच्या घरात रमाबाईंना बंगालीतलं लूककृत शुभवर्तमान सापडलं होतं. ते त्यांनी आवडीने वाचलं. पतीला मात्र बायकोने ख्रिस्ती व्हावं हे मुळीच पसंत नव्हतं.

1883 मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या धर्मभगिनींनी त्यांना आपल्याकडे ठेवलं. या भगिनींचं लंडनजवळ फुलहॅमला एक घर होतं. ज्या बायांना समाज पतित म्हणून दारातही उभं करत नव्हता, त्यांना तिथे मायेने सांभाळत. हे पाहून रमाबाईंनी विचारलं की तुम्ही यांच्यासाठी हे का करता. तेव्हा त्यांना योहानाचा चौथा अध्याय, म्हणजे आपला आजचा शास्त्रपाठ, वाचून दाखवण्यात आला. विहिरीवरच्या शोमरोनी बाईशी प्रभू कसा बोलला, हे ऐकून त्यांचं मन हललं. नीलकंठशास्त्री म्हणजे नहेम्या गोऱ्हे यांच्या लिखाणानेही त्यांच्या बऱ्याच शंका दूर झाल्या. गोऱ्हेशास्त्री स्वतः वाद घालून, शंका काढून ख्रिस्ताकडे आलेले. 29 सप्टेंबर 1883 ला रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

आपण साक्ष सांगतो तेव्हा गोष्ट इथेच संपवतो. बाप्तिस्मा झाला, हालेलुया. पण रमाबाईंचे खरे प्रश्न तर यानंतर सुरू झाले. त्रैक्य म्हणजे काय? येशू देव कसा? कुमारीपोटी जन्म मानायलाच हवा का? बिशप सांगतात म्हणून एखादी गोष्ट मानायची, की शास्त्रात आहे म्हणून? पुरोहितांचं ओझं उतरवून आलेली बाई नव्या पुरोहितांचं ओझं डोक्यावर घ्यायला तयार नव्हती. जे मला पटलेलं नाही ते माझ्या लेकीला शिकवू नका, असंही त्यांनी बजावलं. धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांना हा गर्व वाटे, त्या दुखावत. चेल्टनहॅम कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील मात्र धीराने उत्तरं देत, कारण शंकेची वाट त्यांनीही चाललेली होती. हा सगळा पत्रव्यवहार 1977 मध्ये पुस्तकरूपाने छापला गेला.

मला सर्वात जास्त भिडलं ते पुढचं. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी रमाबाईंना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण खुद्द ख्रिस्त अजून मिळालेला नाही. तोवर 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालेलं, नाव झालेलं. तरी हे त्यांनी लपवलं नाही, उलट आपल्या साक्षीत लिहून ठेवलं. किती जणांची अशी छाती होईल?

आणि तो उपाशी पोटातला पहिला प्रश्न? आईबाप का मेले याचा हिशेब जुळवत रमाबाई बसल्या नाहीत. 1896–97 ला मध्य भारतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुलीबायांना घेऊन आल्या. गुजरातच्या दुष्काळानंतर, 1900 च्या सुमारास, मुक्तीत सुमारे 1,900 जणी होत्या. जिथे आपली माणसं पाल्यावर जगून मेली, तिथे दुसऱ्याच्या लेकीला भाकर मिळाली.

शेवटची पंधराहून अधिक वर्षं त्यांनी बायबलच्या भाषांतराला दिली. कलकत्त्यातलं ते न समजलेलं बायबल आठवतंय ना? मराठी बायबलही साध्या बायांना जड जातं हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणून त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या, सोप्या मराठीत सगळं शास्त्र उतरवलं, आणि मुक्तीतल्याच बायांनी खिळे जुळवून ते छापलं. 1921 मध्ये मनोरमाही गेली. म्हातारी आई कामाला लागलेलीच राहिली. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई प्रभूजवळ गेल्या. संपूर्ण बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झालं.

आता पुन्हा अध्याय वाचा. विहिरीवरची बाई किती प्रश्न विचारते! यहुदी असून माझ्याकडे पाणी कसं मागतोस? बादली नाही, मग पाणी कुठून काढणार? उपासना या डोंगरावर करायची की यरुशलेमेत? प्रभू तिला एकदाही गप्प बस म्हणत नाही. शिष्य चकित होतात, पण प्रभू दुपारच्या उन्हात, थकलेला असताना तिच्याशी बोलत राहतो. शेवटी ती घागर तिथेच टाकून गावात पळते, आणि गावाला सांगतानाही तिच्या तोंडी प्रश्नच असतो.

मी काल संध्याकाळी त्या मुलीच्या घरी गेलो. आधी माफी मागितली. तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही हे सांगितलं. मग आम्ही दोघांनी मिळून हा अध्याय वाचला, तिच्या आईनेही ऐकला. निघताना तिने आणखी एक प्रश्न विचारला. तो घेऊन मी पुढच्या आठवड्यात परत जाणार आहे.

प्रार्थना: हे प्रभू येशू, तू विहिरीपाशी बसून ऐकलंस, तसं आम्हाला ऐकायला शिकव. उत्तर नसेल तेव्हा तसं कबूल करायची नम्रता दे. ज्यांना आम्ही गप्प केलं, त्यांच्याजवळ तू स्वतः बस. आमेन.